सुरा आधी वाचा, मग पुसा: जुन्या अमेरिकन शिकारी सुऱ्यांची ओळख आणि निगा

इस्टेट सेलमध्ये किंवा कुणाच्या गराजमध्ये वीस-पंचवीस डॉलरला एक जुना, चामड्याच्या मुठीचा सुरा मिळतो. घरी आणला की पहिल्याच संध्याकाळी माणूस सिंकपाशी उभा राहून तो घासून काढतो. दुसऱ्या दिवशी चकाचक फोटो पाठवतो आणि विचारतो, ‘हा कुठल्या कंपनीचा? किती जुना? काही किंमत येईल का?’ बहुतेक वेळा उत्तर आदल्या रात्रीच सिंकमधून वाहून गेलेलं असतं.

हे मी स्वतः केलंय. मिशिगनमध्ये एका गराज सेलला घेतलेल्या सुऱ्यावर काळपट तेलाचा थर होता. पंधरा मिनिटं स्टील वूलने घासल्यावर पातं लखलखलं आणि मुठीजवळच्या ‘ग्लॅडस्टन’ या नावातली शेवटची तीन अक्षरं तेवढी उरली. तो सुरा अजून माझ्या खणात आहे. विकायच्या लायकीचा राहिला नाही.

म्हणून इथे क्रमाला महत्त्व आहे. आधी नोंद, मग ओळख, मग सफाई, शेवटी साठवण. घडीचे चाकू या लेखात नाहीत. मुठीत पक्कं बसवलेल्या पात्याचे शिकारी सुरेच फक्त घेतले आहेत.

तयारी: टेबलावर काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च, मिलिमीटर आणि इंच दोन्ही असलेली पट्टी, छोटा लोहचुंबक, जुने मऊ सुती कपडे, लाकडी टूथपिक, शिवणयंत्राचं तेल आणि सुती हातमोजे. हातमोजे नसतील तर हात धुऊन पूर्ण कोरडे करा. कार्बन स्टीलवर घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत गंज होऊन उमटतात.

आणखी एक गोष्ट टेबलावर नसावी: पॉलिशची डबी. समोर असली की हात जातोच.

टप्पा १: हात लावण्याआधी नोंद

सुरा म्यानातून काढताना म्यानाच्या कडांवर बोटं ठेवू नका. जुनी शिवण उसवलेली असते आणि पातं सरळ चामडं कापून बाहेर येतं.

दोन्ही बाजू, पाठ, मुठीचं टोक आणि म्यानाची पुढची-मागची बाजू, सगळ्याचे पट्टी शेजारी ठेवून फोटो घ्या. पात्याची लांबी टोकापासून गार्डपर्यंत (पातं आणि मूठ यांच्या मधली आडवी पट्टी) मोजा, गार्ड नसेल तर मुठीच्या सुरुवातीपर्यंत. ही आणि एकूण लांबी लिहून ठेवा, पुढे चौथ्या टप्प्यात हेच आकडे कामाला येतात.

टप्पा २: ठसा वाचणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ठसा बहुधा पात्याच्या मुठीलगतच्या, धार नसलेल्या सपाट भागावर असतो. काही कंपन्यांचा गार्डवर किंवा पात्याच्या मध्यावरही मिळतो. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू फिरवा. समोरून उजेड टाकल्यावर न दिसणारी अक्षरं तिरप्या उजेडात सावलीसकट उभी राहतात. तरी जमलं नाही तर लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तेच करा. पातळ कागद, मऊ पेन्सिल, हलका हात.

दिसेल ते जसंच्या तसं उतरवा. टिंब, स्वल्पविराम, ओळी कुठे तुटतात तेसुद्धा. अर्थ नंतर लावायचा.

आता नेहमीच्या ठशांकडे वळू, आणि लोक कुठे फसतात तिकडेही.

*मार्बल्स* (ग्लॅडस्टन, मिशिगन). कंपनीचं आधीचं नाव मार्बल सेफ्टी अ‍ॅक्स. १९११ मध्ये ते बदलून मार्बल आर्म्स अँड मॅन्युफॅक्चरिंग झालं. त्यामुळे ‘एम. एस. ए. कं.’ असा ठसा मिळाला तर सुरा त्या जुन्या काळातला, आणि तुम्ही नशीबवान. त्यांच्या ‘वुडक्राफ्ट’ मॉडेलवर पुष्कळदा १९१६ हे पेटंटचं साल असतं. ते वाचून लोक ‘शंभर वर्षांपूर्वीचा’ म्हणून जाहिरात देतात. पेटंटचं साल म्हणजे सुऱ्याचा जन्म नव्हे. तो ठसा पुढे बरीच वर्षं वापरात होता. त्यावरून एवढंच कळतं की सुरा १९१६ च्या आधीचा नाही.

*वेस्टर्न* (बोल्डर, कोलोरॅडो). याच्यावरची चूक तर मी दर दोन-तीन महिन्यांनी पाहतो. ठशात ‘१९६७४७९’ असा आकडा असतो आणि लोक पहिले चार अंक वाचून सुरा १९६७ चा ठरवतात. तो पेटंट क्रमांक आहे, दुहेरी टँगच्या रचनेचा, म्हणजे मुठीत एकाऐवजी दोन दांड्या शिरतात त्या बांधणीचा. हे पेटंट १९३० च्या दशकातलं. नंतरच्या वेस्टर्नचं साल मात्र सोपं आहे: १९७७ पासून मॉडेल क्रमांकासोबत एक इंग्रजी अक्षर येतं. ‘ए’ म्हणजे १९७७, ‘बी’ म्हणजे १९७८, असं पुढे मोजत जा.

*बक.* सुरुवातीच्या सुऱ्यांवर नुसतं ‘बक’. साधारण १९६७ पासून त्याखाली ‘यू. एस. ए.’, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मॉडेल क्रमांक, उदाहरणार्थ ११९. १९८६ पासून क्रमांकाशेजारी सालाचं एक छोटं चिन्ह येऊ लागलं. भिंगाशिवाय ते ओरखड्यासारखं दिसतं आणि बरेच जण ते ओरखडा समजून सोडून देतात. कारखाना २००५ मध्ये कॅलिफोर्नियातून आयडाहोतल्या पोस्ट फॉल्सला गेला.

*केस* (ब्रॅडफर्ड, पेन्सिल्व्हेनिया). ‘केस टेस्टेड एक्सएक्स’ हा ठसा १९४० च्या आधीचा, ‘केस एक्सएक्स’ त्यानंतरचा, आणि ‘यू. एस. ए.’ जोडलं गेलं १९६५ च्या सुमारास. १९७० पासून ठशात येणारे ठिपके मोजून साल काढायची पद्धत सगळ्यांना पाठ असते, पण ते घडीच्या चाकूंचं प्रकरण आहे. पक्क्या पात्याच्या सुऱ्यांवर ‘केस एक्सएक्स यू. एस. ए.’ हा ठसा सत्तरच्या दशकातही ठिपक्यांविना चालू राहिला. ठिपके नाहीत म्हणून सुरा १९६९ च्या आधीचा, हा हिशेब चुकीचा आहे.

*रेमिंग्टन.* या कंपनीने १९२० ते १९४० एवढाच काळ चाकू-सुरे बनवले. शिकारी सुऱ्यांचे क्रमांक ‘आर एच’ने सुरू होतात. मग चाकूंचा व्यवसाय ‘पॅल’ या कंपनीने घेतला आणि तेच क्रमांक पुढे चालवले. म्हणून नुसता ‘आर एच ३६’ वाचून रेमिंग्टन म्हणू नका, वर नाव कुणाचं आहे ते बघा. किमतीत मोठा फरक पडतो.

*श्रेड.* ‘श्रेड-वॉल्डन’ हा जोडठसा १९७३ च्या सुमारास थांबला. न्यूयॉर्क राज्यातला एलनव्हिलचा कारखाना २००४ मध्ये बंद पडला. त्यानंतर या नावाचे सुरे चीनमधून येऊ लागले, दिसायला हुबेहूब. ठशात ‘यू. एस. ए.’ आहे की नाही, एवढंच आधी बघा.

> पडताळा: ठशात देशाचं नाव आहे का? अमेरिकन घरांत सांबरशिंगाच्या मुठीचे जर्मन सुरे रग्गड सापडतात. ‘झोलिंगन’ हे गाव वाचलंत तर सुरा उत्तम असेल, पण अमेरिकन नाही.

राहिले मोठे हस्तकारागीर: फ्लोरिडातल्या ऑरलँडोचा रँडल, मिशिगनचा विल्यम स्केगल, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचा बॉब लव्हलेस. यांच्या नावांच्या नकला बाजारात आहेत, स्केगलच्या तर फारच. स्केगलचं चिन्ह नागमोडी खंजिराचं, आणि ते उठवायला कुणालाही एक पंच पुरतो. यांपैकी काही सापडलं असं वाटलं तर नुसत्या ठशावर भरवसा ठेवू नका आणि पुढचा एकही टप्पा घरी करू नका. आहे तसा जाणकाराकडे न्या.

टप्पा ३: बांधणी ठशाशी जुळते का

ठसा खरा आणि मूठ नंतरची, असे सुरे भरपूर असतात. चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेली मूठ असेल तर चकत्यांचा रंग बघा. ऐंशी वर्षांच्या वापराने बोटं जिथे बसतात तिथला रंग गडद आणि बाकीचा फिका झालेला असतो. सगळीकडे सारखाच तपकिरी असेल तर संशय घ्या. मग चामड्याच्या दोन्ही टोकांना लावलेल्या रंगीत चकत्या बघा. गार्डकडचा आणि टोकाकडचा क्रम बहुधा एकमेकांचं प्रतिबिंब असतो. एका बाजूला लाल-काळा-पितळी आणि दुसऱ्या बाजूला नुसता काळा, तर कुणीतरी मूठ उघडली आहे.

मुठीच्या टोकावर जिथे दांडी ठोकून किंवा पिन मारून बसवली आहे, तिथे भिंग लावा. ताजे कानशीचे ओरखडे आणि उजळ धातू दिसला तर काम अलीकडचं. गार्ड आणि मूठ यांच्या फटीत चिकट, पारदर्शक गोंद दिसला तरी तेच.

लोहचुंबक मुठीच्या टोकाला लावा. अ‍ॅल्युमिनियमला तो चिकटत नाही, लोखंडाला चिकटतो. कंपनीने त्या मॉडेलला काय बसवलं होतं त्याच्याशी ताडून बघा.

> सावध: पात्याला चुंबक चिकटला म्हणजे ते स्टेनलेस नाही, असा निष्कर्ष काढू नका. आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांना चुंबक सहसा चिकटत नाही, म्हणून ही समजूत पक्की बसलेली आहे. पात्यांचं स्टेनलेस वेगळं असतं, धार टिकावी म्हणून कडक केलेलं, आणि त्याला चुंबक चांगला चिकटतो. जुन्या बकमधलं ४४० सी याच जातीचं.

टप्पा ४: पातं किती उरलंय

शिकाऱ्याने तीस वर्षं साणेवर घासलेलं पातं बारीक होत जातं, आणि विकणारा त्याला ‘सडपातळ, दुर्मिळ प्रकार’ म्हणतो. पहिल्या टप्प्यातली मापं आता काढा. मार्बल्स वुडक्राफ्टचं पातं मूळचं साडेचार इंच, बक ११९ चं सहा, बक १०५ चं पाच. तुमच्याकडचं पाव इंच कमी भरलं तर टोक मोडून पुन्हा घडवलेलं असण्याची शक्यता मोठी.

लांबीपेक्षा रुंदी जास्त बोलते. धार जिथे मुठीजवळ सुरू होते तिथे खाच किंवा पायरी तयार झाली आहे का? पायरी जितकी खोल, तितकं स्टील गेलेलं. पात्यावरच्या मूळ कडा, सपाट भाग आणि उताराच्या मधली रेघ, भिंगाखाली टोकदार हव्यात. त्या गोलावल्या असतील तर पातं कधीतरी बफिंगच्या चाकावर चढलेलं आहे. असं पातं लांबून सुंदर दिसतं. संग्राहक ते हातात घेतो आणि खाली ठेवतो.

टप्पा ५: म्यान

म्यान म्हणजे फुकट आलेली पिशवी समजून फेकू नका. मूळ म्यान, त्यातही कंपनीचा किंवा म्यान करणाऱ्याचा ठसा असलेलं, किमतीत चांगली भर घालतं. रँडलच्या सुऱ्यांचा काळ ठरवताना तर जाणकार आधी म्यान उलटून बघतात, कारण डेन्व्हरच्या हायझरपासून टॅम्पाच्या सलिव्हनपर्यंत ती वेगवेगळ्यांनी वेगवेगळ्या काळात शिवली.

सुरा म्यानात सहज, न डुगडुगता बसतो का? चामड्यावर पडलेला गार्डचा दाब आणि गार्डचा आकार जुळतो का? नसेल तर जोडी नंतर जमवलेली आहे. तीही ठेवा, फक्त नोंदीत तसं लिहा.

टप्पा ६: गंज काढणं, आणि कुठे थांबायचं

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. दोन गोष्टी वेगळ्या ओळखा. जुन्या लोखंडी विळीचं पातं वापरून वापरून करडं-निळसर-काळं पडतं, तसा रंग कार्बन स्टीलवर येतो. तो गंज नव्हे. उलट तो पात्याला थोडंफार राखतो आणि वयाचा पुरावाही असतो. तो काढायचा नाही. काढायचा तो तांबडा, भुरभुरीत, जिवंत गंज.

> पडताळा: पांढऱ्या कापडावर दोन थेंब तेल घ्या आणि डागावरून एकदाच हलक्या हाताने फिरवा. कापडावर तांबूस डाग आला तर गंज जिवंत आहे. राखाडी किंवा काळपट आला तर तिथे हात आवरा.

क्रम असा:

१. ठशाचा भाग सोडून बाकी पात्याला शिवणयंत्राचं तेल लावा आणि रात्रभर आडवं ठेवा. तेल मुठीत ओघळू देऊ नका.

२. सकाळी मऊ कापडाने पुसा. निम्मा गंज इथेच निघतो.

३. उरलेल्या तांबड्या ठिपक्यांवर पुन्हा थेंबभर तेल, आणि लाकडी टूथपिकचं टोक. एकेक ठिपका. कंटाळवाणं काम आहे. क्रिकेटची मॅच लावून बसा.

४. तरीही न हलणाऱ्या ठिपक्यावर सर्वांत बारीक, चार शून्याची स्टील वूल, तेलात भिजवून, फक्त ठिपक्यापुरती, पात्याच्या लांबीच्या दिशेने. गोल गोल कधीच नाही.

५. ठशावर स्टील वूल अजिबात नाही. तिथे टूथपिक आणि तेल, बस्स. अक्षरांत थोडा गंज राहिला तर राहू दे.

६. सगळं तेल कोरड्या कापडाने पुसून घ्या आणि आठवड्याने पुन्हा पडताळा करा.

गंज खाऊन पडलेले खड्डे भरून येत नाहीत. खड्डा जाईपर्यंत घासायचं म्हणजे आजूबाजूचं चांगलं स्टील त्याच्या पातळीला आणायचं.

> सावध: चिंच, लिंबू, व्हिनेगर, राख, पितळेची भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट: यातलं काहीही पात्याजवळ आणू नका. आम्ल गंजाबरोबर काळपट रंगही खातं आणि पात्याला मेलेला, मातकट रंग देतं. डिशवॉशरबद्दल लिहायची वेळ यायला नको होती, पण आलेली आहे.

आणि धार लावू नका. संग्रहातल्या सुऱ्याला कारखान्याची मूळ धार असेल तर तीच त्याची किंमत. वापरायला हवा असेल तर पाच डॉलरचा दुसरा घ्या.

टप्पा ७: मूठ, पितळ, चामडं

चामड्याच्या चकत्यांची मूठ सुकून आक्रसते आणि डुगडुगायला लागते. लगेच कुणीतरी ती तेलात बुडवायला सांगतं. चामडं तेल पिऊन फुगतं, मऊ पडतं, काळं होतं आणि पुढे पात्याच्या दांडीला आतून गंज चढला तरी कळत नाही. कोरड्या कापडाने पुसा, नंतर मेणाचा अगदी पातळ हात. डुगडुग राहिली तरी चालेल.

खोबरेल तेल कुठेच नको, पात्यालाही नको. ते खवट होतं, चिकट थर धरतं आणि धूळ ओढतं.

शिंगाची मूठ कोरड्या हवेत तडकते. अमेरिकेत थंडीत घरात हीटर चालू असतो, तिथून ती लांब ठेवा. गमतीची गोष्ट म्हणजे या जुन्या मुठींपैकी पुष्कळशा भारतातल्या सांबरशिंगाच्या आहेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी भारताने शिंगांची निर्यात बंद केली, तेव्हापासून अस्सल सांबराची मूठ बदलून मिळणं महाग झालं. तडा गेलेली मूळ मूठ नव्या मुठीपेक्षा बरी.

म्यानाच्या पितळी बटणांवर आणि रिव्हेटवर चढलेला हिरवा, मेणचट कळक मात्र काढायलाच हवा. तो चामड्याच्या संपर्काने पुन्हापुन्हा येतो. टूथपिकने खरवडा, कोरड्या ब्रशने झाडा. पॉलिश लावलंत तर ते शिवणीत शिरून पांढरं सुकतं आणि आयुष्यभर दिसतं.

सेल्युलॉइडचा प्रश्न वेगळा. काही जुन्या मुठी या प्लास्टिकच्या असतात. अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या, कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. जुनं होऊन ते विघटन पावू लागलं की त्यातून निघणारी वाफ शेजारच्या सुऱ्यांनाही गंजवते, शिवाय ते चटकन पेट घेतं. असा सुरा हवेशीर जागी, बाकीच्यांपासून लांब, एकटा ठेवा.

टप्पा ८: मेण आणि साठवण

पात्याला आणि गार्डला सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर द्या. रेनेसाँ वॅक्स या नावाने मिळतं, संग्रहालयांत तेच वापरतात. डाळीच्या दाण्याएवढं मेण एका सुऱ्याला पुरतं. दोन-चार मिनिटं थांबा, मऊ कापडाने पुसा. बोटाला चिकट लागलं तर जास्त झालं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: सुरा म्यानात ठेवू नका. म्यान हे नेण्या-आणण्यासाठी असतं. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहिलेले असतात, वर चामडं हवेतली ओल धरून ठेवतं. सहा महिन्यांत पात्यावर म्यानाच्या शिवणीचा आकार गंजाने उमटलेला मी पाहिला आहे. सुरा आणि म्यान शेजारी शेजारी, वेगवेगळे ठेवा. दोघांना एकच क्रमांकाची चिठ्ठी बांधा.

आम्लरहित कागदात गुंडाळा. स्पंज, पुठ्ठ्याचे खोके, बंद प्लास्टिकची पिशवी आणि ओक लाकडाचा खण टाळा. ओकमधून निघणाऱ्या वाफा आम्लयुक्त असतात, आणि नेमके महागडे खण ओकचेच असतात. हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास असावी. छोटं मापक दहा डॉलरच्या आत मिळतं. सोबत सिलिका जेलची पुडी, आणि तिचा रंग बदलला की ती वाळवायची आठवण.

दर तीन महिन्यांनी पांढऱ्या कापडाचा पडताळा. बेसमेंटमध्ये ठेवत असाल तर उन्हाळ्यात दर महिन्याला.

भारतात न्यायचा असेल तर

चेक-इन सामानातच, हे उघड आहे. पण त्याआधी दोन गोष्टी. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं, घरगुती वा शेतीच्या कामासाठी बनवलेलं नसेल, तर भारताच्या शस्त्र नियमांत शस्त्र म्हणून गणलं जातं. बहुतेक शिकारी सुरे यात बसत नाहीत, मोठे बोवी (लांब, रुंद पात्याचे सुरे) बसतात. दुसरी गोष्ट शिंगाची मूठ. सांबर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, आणि ही मूठ साठ वर्षांपूर्वी पेन्सिल्व्हेनियात बसवली होती हे विमानतळावर रात्री दोन वाजता कस्टम्सला पटवून देणं माझ्याच्याने होणार नाही. शिंगाचे सुरे मी इथेच ठेवतो. चामड्याच्या मुठीचा एक वेस्टर्न रत्नागिरीला मामांकडे दिला होता. पावसाळ्यात तो म्यानात राहिला. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा मामांनी तो काढून दाखवला आणि म्हणाले, ‘अरे, चिंचेने घासून ठेवलाय बघ, कसा लख्ख झालाय.’